करिअर बदलायचंय? राजीनाम्याचा मेल सगळ्यात शेवटी लिहा

पस्तिशी-चाळिशीत आलेली बरीच मंडळी आजकाल म्हणतात की बस झालं, आता वेगळं काहीतरी करायचंय. चांगलंच आहे. पण बहुतेकजण सुरुवात करतात ती राजीनाम्यापासून, आणि माझं ठाम मत आहे की राजीनामा ही या सगळ्या प्रकरणातली शेवटची गोष्ट असली पाहिजे, त्याआधी वर्षभराची तरी तयारी हवी. हवेत बोलण्यापेक्षा एकच उदाहरण धरून चालू: चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला असलेला, ३७-३८ वर्षांचा, लग्न झालेला, घराचा हप्ता चालू असलेला माणूस, आणि त्याला वकिली करायचीय. तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर तपशील बदलतील, पद्धत हीच राहील.

पहिलं काम म्हणजे वैताग नक्की कशाचा आलाय ते शोधणं. साहेबाचा, शिफ्टचा, रोजच्या चाकण चौकातल्या ट्रॅफिकचा, की कामाचाच? दोन-तीन आठवडे रोज रात्री फोनमध्ये एक ओळ लिहा, आज काय करताना बरं वाटलं आणि काय करताना जीव नकोसा झाला. नंतर सलग वाचून काढा. सगळ्या तक्रारी माणसांबद्दल आणि प्रवासाबद्दल निघाल्या तर कंपनी बदला, करिअर कशाला बदलताय! पण ऑडिटचे रिपोर्ट लिहिताना मजा येते, सप्लायरशी करारावरून वाद घालताना अंगात येतं आणि मशीनकडे बघायचीच इच्छा होत नाही, असं दिसलं तर मात्र पुढे जायला अर्थ आहे.

मग नव्या कामाचा साधा, कंटाळवाणा दिवस बघून या. हे लोक करतच नाहीत आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण यात एक रुपया खर्च होत नाही. कोर्टाचं कामकाज खुलं असतं, एक-दोन सुट्ट्या टाका आणि शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टात सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसा. पुकारा होतो, समोरचा वकील हजर नसतो, तारीख पडते, पुन्हा पुकारा, पुन्हा तारीख. टायपिस्टकडे रांग, झेरॉक्सवाल्याकडे रांग, आणि पक्षकार दर पाच मिनिटांनी विचारतोय, साहेब आपलं कधी येणार. हे बघूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटलं तर ती खरी आवड. आणि नामवंत वकिलापेक्षा चार-पाच वर्षं प्रॅक्टिस झालेल्या ज्युनिअरशी बोला, पहिल्या वर्षी हातात किती यायचे ते विचारा, ओळखीतून गेलात तर लोक खरं सांगतात.

यानंतर नव्या क्षेत्राचे नियम बघायचे, आणि ते यूट्यूबवर न बघता अधिकृत साइटवर बघायचे. वकिलीसाठी पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी, त्याला राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा, ओपनवाल्याला पदवीला ४५ टक्के लागतात, वयाची अट नाही. पण पत्राद्वारे होत नाही, ७० टक्के हजेरी लागते, आणि नोकरीत असाल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था, तिच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे ते जाहीर करून मालकाचं ना-हरकत पत्र द्यावं लागतं. काही कॉलेजांत सकाळच्या बॅच असतात, जनरल शिफ्टला आलात तर जमूही शकतं, पण तीन शिफ्टमध्ये फिरणाऱ्याला अवघड आहे. पास झाल्यावर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तिची फी सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालानंतर ओपनवाल्याला ७५० रुपयेच आहे, आणि मग ऑल इंडिया बार परीक्षा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुल टाइम पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. म्हणजे ‘नोकरी करत करत साइडला प्रॅक्टिस’ हा प्लॅन मुळातच बाद. शिक्षक व्हायचं असेल तर बीएड दोन वर्षं, सहावी ते आठवीसाठी टीईटी ही पात्रता परीक्षा, वर भरतीसाठीची टीएआयटी परीक्षा आणि पवित्र हे शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल. एमपीएससी डोक्यात असेल तर ओपनला साधारणपणे ३८ ची मर्यादा आहे, जाहिरात नीट वाचा. घरून फराळ विकायचा म्हटलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते.

नियम बघताना मधले रस्तेही दिसतात, ते सोडू नका. आपल्या क्वालिटीवाल्या माणसाकडे इंजिनिअरिंगची डिग्री असेल तर तो पेटंट एजंटची, म्हणजे लोकांचे पेटंटचे अर्ज करून देणाऱ्याची, परीक्षा देऊ शकतो, त्याला एलएलबी लागतच नाही. किंवा आहे त्याच कंपनीत करारमदार, वॉरंटी क्लेम, कामगार कायद्यांचं पालन बघणाऱ्या विभागात बदली मागता येते. दहा वर्षांचा अनुभव फेकून शून्यापासून सुरू करण्यापेक्षा तो घेऊन तिरपं सरकणं मला कायम जास्त शहाणपणाचं वाटतं. जागाही बघा. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ, सुरू झालंय, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्यात आहेत. ज्याचं गाव कराड किंवा इस्लामपूरकडे आहे त्याने पुण्यातच वकिली करायची असं मनात पक्कं करण्याआधी हा विचार नक्की करावा.

आता पैसा, इथे जरा सावकाश जाऊ. कुणीही सांगतं सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, पण सहा महिने हा आकडा नोकरी गेलेल्या माणसासाठी आहे, क्षेत्र बदलणाऱ्यासाठी नाही. हिशोब असा मांडा. महिन्याचा घरखर्च ३८ हजार, हप्ता २२ हजार, झाले ६०. पण शाळेची फी, विम्याचे हप्ते, गाडीचं सर्व्हिसिंग, दिवाळी, गावाकडची लग्नं-जत्रा हे वर्षाचं वेगळं असतं आणि ते सगळे विसरतात. ते वर्षाला १ लाख ८० हजार धरलं तर महिन्याला १५ हजार आणखी, म्हणजे खरा आकडा ७५ हजार. बायकोचा पगार हातात ४० येत असेल तर दर महिन्याला ३५ हजारांचा खड्डा. तीन वर्षांचे १२ लाख ६० हजार, कॉलेजची फी वेगळी. आणि सनद मिळाल्यावर लगेच पैसे सुरू होत नाहीत, दोन वर्षं ज्युनिअरशिपची, म्हणजे मोठ्या वकिलाच्या हाताखाली शिकण्याची, धरलीत तर २१ लाख. आकडा बघून घाबरायला होतं हे मान्य, पण तो आज कागदावर बघितलेला बरा. मग खड्डा कमी करायचे मार्ग सुचतात, कॉलेज होईपर्यंत सकाळची बॅच धरून नोकरी टिकवायची, बोनसमधून कर्जाचं मुद्दल कमी करायचं, किंवा एक वर्ष थांबायचं. आणि हो, जमलं तर त्या कमी पैशात सहा महिने आधीच राहून बघा, उरलेला पगार सरळ वेगळ्या खात्यात टाका. घराची खरी तयारी तिथे कळते आणि पैसेही साठतात.

मेडिक्लेम! कंपनीचा ग्रुप विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी संपतो, आई-वडील त्यात असतील तर तेही उघड्यावर येतात. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड असू शकतो, म्हणजे तोवर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोयही असते, एचआरला निघायच्या दीड-दोन महिने आधीच विचारा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. बीपी-शुगर असेल तर लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं.

ग्रॅच्युइटी आणि पीएफच्या तारखा बघूनच शेवटचा दिवस ठरवा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग लागतात, त्यामुळे साडेचार वर्षं झालेल्याने थोडी कळ काढावी. हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक अधिक डीए गुणिले १५ गुणिले वर्षं भागिले २६, म्हणजे बेसिक ४० हजार आणि ८ वर्षं झाली असतील तर साधारण १ लाख ८४ हजार. पीएफ पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स बसतो, आणि पीएफसोबतच्या पेन्शनच्या हक्कासाठी १० वर्षं लागतात, नऊ झाली असतील तर हा विचार करूनच निघा. पीएफ काढायची घाई तर अजिबात नको, नोकरी सोडल्यावरही व्याज चालू राहतं, त्या काळातल्या व्याजावर टॅक्स लागतो इतकंच.

घरच्यांशी बोलताना ‘माझं स्वप्न आहे’ इथून सुरू करू नका, वरचा कागद समोर ठेवून सुरू करा. किती वर्षं, किती पैसे, कुठला खर्च बंद, आणि किती दिवसांत जमलं नाही तर परत नोकरी शोधायची, ही शेवटची तारीख दोघांनी मिळून ठरवा. बायको-नवऱ्यापैकी एकाचा पगार पाच वर्षं घर ओढणार असेल तर त्या माणसाचं मत निम्मं नाही, निम्म्याहून जास्त धरलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आई-बाबांना सांगायला थोडा उशीर झाला तरी चालेल, पण शेजाऱ्यांकडून कळायला नको.

एवढं सगळं झालं की मग अपॉइंटमेंट लेटर काढा, नोटीस पिरियड किती, ट्रेनिंगचा बाँड आहे का, बाकी सुट्ट्यांचे पैसे मिळतात का ते वाचा. सरकारी नोकरीत असाल तर परवानगीशिवाय कोर्सलाही हात लावू नका. राजीनामा दोन ओळींचा आणि गोड लिहा, ज्या साहेबाला कंटाळलात त्याच्याच कंपनीचं काम उद्या वकील म्हणून तुमच्याकडे येऊ शकतं. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ हे सगळं आपल्या स्वतःच्या ईमेलवर घ्या, कंपनीचा आयडी संध्याकाळी बंद होतो. आणि दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर जाऊन तुमची नोकरी सोडल्याची तारीख पडलीय का बघा, कंपनीने टाकली नसेल तर तेव्हा ती स्वतः टाकता येते, आधार लिंक असलेला मोबाइल नंबर तेवढा चालू ठेवा.