टीनएजर मुलांसोबत अजिंठा-वेरूळला जाताय? या चुका टाळा

सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "दोन दिवसांत अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की, घृष्णेश्वर, सगळं होईल ना?" गाडी सगळीकडे पोचेल. पण सोबत चौदा-पंधरा वर्षांची मुलं असतील, तर दुसऱ्या दिवशी ती गाडीतून उतरायला तयार होणार नाहीत.

आधी सर्वांत सोपी चूक. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. हॉटेल बुक करण्याआधी कॅलेंडर बघा.

आता माझा खरा राग ज्या चुकीवर आहे ती. एका दिवसात यादी संपवणं. माझ्या मावसभावाने आखलेल्या सहलीत मी होते. पहाटे साडेपाचला सगळ्यांना उठवलं. दौलताबाद वरपर्यंत चढलो, मग खुलताबादचा भद्रा मारुती, मग घृष्णेश्वरची रांग, जेवण, आणि भर उन्हात तिसऱ्या प्रहरी वेरूळ. तिथेही भावाचा हट्ट की लेणी क्रमांक 1 पासून ओळीने बघायची. कैलास आहे 16 क्रमांकावर. तिथे पोचेपर्यंत त्याची नववीतली मुलगी पार थकली होती. अंगणातल्या पायरीवर बसून तिने फोन काढला आणि भाऊ सगळ्यांसमोर ओरडला, "एवढ्या लांब आणलं ते हे बघायला?" ती रडली. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मकबरा आणि पाणचक्की बाकीच्यांवर सोपवून मी तिला घेऊन पुन्हा वेरूळला गेले. झोप पूर्ण झाल्यावर, आणि थेट कैलासला. आत शिरण्याआधी एवढंच सांगितलं की इथे एकही दगड आणून रचलेला नाही, आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणलाय. ती बराच वेळ वर बघत राहिली, मग म्हणाली, "आत्या, एखादा हत्ती चुकला असता तर?" मग तासभर ती चुकलेली जागा शोधत फिरत होती. तिला लेण्यांचा कंटाळा कधीच नव्हता. तिला झोप हवी होती.

म्हणून वेरूळला माझा क्रम ठरलेला आहे: आधी 16, मग 10. दहाव्या लेण्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत, आणि तिथे आवाज घुमतो तो मुलांना फार आवडतो. पाय शाबूत असले तर 32. चौतीसच्या चौतीस लेणी बघायलाच हवीत असं कुणी सांगितलंय?

झोपेबद्दल पालक ऐकतच नाहीत, म्हणून स्पष्ट लिहिते. 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप लागते, आणि याच वयात झोप येण्याची वेळ शरीरातच पुढे सरकते. रात्री बारापर्यंत जागणारं मूल पहाटे ताजंतवानं उठणार नाही. त्याला आळस म्हणू नका. दिवसाला एकच मोठी जागा ठेवा, म्हणजे पहाटेची पळापळ लागत नाही.

दुसरी चूक दौलताबादची. "चढ फार आहे" म्हणून मोठी माणसं खालचा चांदमिनार बघून परततात. या वयाच्या मुलांसाठी याहून चांगली जागा या भागात नाही. खडक तासून उभा केलेला कडा, खंदक, शत्रूला चकवणारी अंधारी वाट, मेंढा तोफ. शिवाय 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे आणली, आणि 1629 मध्ये जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव इथेच मारले गेले. शाळेत वाचलेली नावं इथे एका जागी भेटतात. याला एक पूर्ण सकाळ द्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली चहा घ्यावा.

अजिंठ्याचा दिवस मुलांच्या हाती द्या. नुसतं "तुला काय आवडेल?" विचारून उपयोग नाही, खांदे उडवून "काहीही" म्हणतात. काम द्या. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरापासून अजिंठा शंभरेक किलोमीटर आहे, मग निघायचं किती वाजता? फर्दापूरला आपली गाडी सोडून बस घ्यावी लागते, हे त्यांनी शोधावं. कोणती पाच लेणी बघायची तेही त्यांनीच ठरवावं. ठरलेलं मग आपण मोडायचं नाही, पद्मपाणीचं पहिलं लेणं शेवटी आलं तरी. रील बघून तयार प्लॅन उचलणाऱ्या पालकांना एवढा धीर नसतो, हे मी वारंवार पाहते.

फोन काढून घेऊ नका. चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही, एवढा एकच नियम ठेवा. आत अंधार असतो, डोळे सरावायला दोन मिनिटं थांबा. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून लेसचे बूट नकोत. मे महिन्यात जाऊ नका. मराठवाड्याचं ऊन आहे ते.

तिकिटांचंही बघून घ्या. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत 15 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, शाळेचं ओळखपत्र जवळ असू द्या. रेल्वेत मात्र 12 पूर्ण झाले की पूर्ण तिकीट. हॉटेलवालेही बहुतेकदा बाराच्या वरच्या मुलाला मोठ्यांत धरतात, तेव्हा जादा गादीचं बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या.