फोनवरच्या 'भैया'पासून पोरांना कसं जपावं

आम्हा इंदूरच्या मराठी घरांतली पोरं आईशी मराठीत बोलतात आणि मोबाइलवर हिंदीत. लोकमान्यनगरातल्या एका घरी सहावीतला मुलगा गेममधल्या कुठल्याशा 'भैया'शी महिनाभर बोलत होता. आजी समोरच वाती वळत बसायची. तिला वाटायचं, शाळेतला मित्र असेल. मग एका रात्री पोरगा आईजवळ आला आणि म्हणाला, "तू रागावणार नाहीस ना?"

तयारी इथूनच करायची. आजच मुलाला सांगा : "काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आधी मला सांग. मी ओरडणार नाही, फोनही काढून घेणार नाही." फसवणाऱ्याचं सगळं बळ 'घरी कळलं तर?' या भीतीत असतं. मात्र स्क्रीन फुटली म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेतलंत, तर या वचनावर मुलाचा विश्वास बसणार नाही. पोरं आपली परीक्षा अशा बारक्या गोष्टींतच घेतात.

मग मुलाला बोलायला शब्द द्या. शरीराच्या अवयवांची नावं न लाजता शिकवा, मराठीत आणि हिंदीतही. शाळेतल्या मॅडमना किंवा पोलिसांना सांगायची वेळ आली, तर इथं हिंदीतच सांगावं लागेल. सरप्राइज आणि गुपित यांतला फरकही समजवा : वाढदिवसाचं सरप्राइज चार दिवसांत उघड होतं, पण "आईला सांगू नकोस" असं कुणी म्हटलं, की ते लगेच आईला सांगायचं.

आता खरा धडा. जेवणं झाल्यावर दोन फोन घेऊन बसा आणि तुम्हीच अनोळखी 'भैया' व्हा. (यातली 'स्किन' म्हणजे गेममधल्या पात्राचा पोशाख.)

"क्या खेलता है यार तू!"
"स्किन चाहिए? मैं दिला दूँगा."
"व्हॉट्सअॅप पे आ जा."
"घर में अभी कौन है?"
"एक फोटो भेज ना. किसी को बताना मत."

दर मेसेजनंतर थांबा आणि विचारा, "याला आता काय हवंय?" कौतुक, भेट, खाजगी चॅट, एकटा आहे का याची चौकशी, गुपित, फोटो, क्रम बहुधा असाच. फोटो हाती लागला की सूर बदलतो : आणखी पाठव किंवा पैसे दे, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो. "आमचा मुलगा आहे, त्याला काय होतंय" हा भ्रम सोडा; मुलगेही यात अडकतात. आणि एआयमुळे साध्या फोटोवरूनही नग्न चित्र बनतं, त्यामुळे मुलानं काहीच पाठवलं नसलं तरी धमकी येऊ शकते.

सेटिंग्जचं काम दहा मिनिटांचं : खातं प्रायव्हेट, अनोळखींचे मेसेज बंद, लोकेशन बंद, रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला. इन्स्टाग्रामला किमान 13 वर्षं लागतात. आपणच खोटी जन्मतारीख टाकून मुलाला मोठं केलं, तर लहानांसाठीची बंधनं त्या खात्याला लागत नाहीत. हा उद्योग बरेच आईबाप स्वतःच करतात.

घडलंच, तर पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका आणि समोरच्याला शिव्या घालू नका. तो खातं बंद करून पळतो. धमक्या, प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या. मुलाचा तो फोटो मात्र पुरावा म्हणून काका-मामांना पाठवू नका. असं चित्र पुढे पाठवणं आयटी कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हा आहे. मग 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा जवळचं ठाणं गाठा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा फोटो फोनबाहेर न पाठवता त्याचा डिजिटल ठसा बनवते आणि त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या ठिकाणी ते चित्र रोखायला मदत होते.

लोक काय म्हणतील, म्हणून घरं गप्प बसतात. पण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून जपणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब घरीच घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाकडून आणि साध्या कपड्यांत. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. माध्यमांना त्याची ओळख उघड करायलाही मनाई आहे.

तक्रार झाली की बाकीचे प्रश्न सकाळवर टाका. धमकी आलेलं पोर जिवाचं बरंवाईट करायच्या विचारापर्यंत जाऊ शकतं. त्या रात्री त्याच्या शेजारीच अंथरूण घाला.