स्मार्ट प्रोजेक्टर घेताय? रिटर्नची मुदत संपण्याआधी या चुका टाळा

दुकानात प्रोजेक्टर देखणाच दिसतो. अंधारी खोली, खास पडदा, भडक रंगांची डेमो क्लिप. घरी आल्यावर मात्र समोर असते आपली भिंत, आपली ट्यूबलाइट आणि आपलं वाय-फाय. म्हणून त्याची परीक्षा घरीच घ्या, आणि तीही पहिल्या दोन-तीन दिवसांत.

खोक्यावरचे ल्युमेन खरे धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खोक्यावर '९००० ल्युमेन' (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) ठळक छापलेलं असतं, पण ते कोणत्या मापाने, हे कुठेच नसतं. विचारायचे ते आन्सी ल्युमेन. या पद्धतीत चित्राचे नऊ सारखे भाग करून प्रत्येकावर पडणारा प्रकाश मोजतात, सरासरी काढतात आणि ती चित्राच्या क्षेत्रफळाने गुणतात. हा आकडा कळला की पुढचा हिशेब घरबसल्या होतो.

१०० इंची चित्र साधारण २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. ३०० आन्सी ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर जेमतेम ११० लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ल्युमेन) उजेड पाडतो. ट्यूबलाइट लावलेल्या हॉलच्या भिंतीवर तेवढा उजेड आधीच असू शकतो. मग रात्रीचा प्रसंग गडद कसा दिसेल? काळा रंग कुठलाच प्रोजेक्टर फेकू शकत नाही. तो फक्त तेवढ्या जागी प्रकाश पाडत नाही. तिथे दिसते ती तुमची भिंत, खोलीतल्या उजेडात जशी असेल तशी.

आता तेच चित्र ८० इंचांवर आणा. क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर होतं आणि उजेड दीडपटीहून वाढतो. पांढऱ्या मॅट पडद्यावर तो ५० निट्सच्या (पडदा डोळ्यांना किती उजळ दिसतो त्याचं माप) थोडा पुढे जातो, आणि डिजिटल सिनेमागृहांसाठी ठरलेलं प्रमाण ४८ निट्स आहे. म्हणजे दिवे बंद आणि खिडक्यांना जाड पडदे असतील तर ३०० ल्युमेन पुरतात. १२० इंचांचा हट्ट धरून फिकट चित्र पाहण्यापेक्षा ८० इंचांवर मनासारखा सिनेमा पाहावा, हे माझं ठाम मत आहे. आणि अंधारातही रात्रीचे प्रसंग काळवंडत असतील तर अ‍ॅपमध्ये किंवा स्ट्रीमिंग स्टिकमध्ये एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा चित्रप्रकार) बंद करून पाहा. कमी उजेडाच्या यंत्रावर साधं चित्रच बरेचदा जास्त मोकळं दिसतं.

'४के सपोर्टेड' म्हणजे ४के समजणं

सपोर्टेड म्हणजे यंत्र ४केचा सिग्नल घेतं, एवढंच. भिंतीवर पडतं ते नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ठिपक्यांची संख्या, आणि ती १२८० बाय ७२० सुद्धा असू शकते. एखादा सिनेमा सबटायटल्स लावून थांबवा आणि भिंतीजवळ जाऊन अक्षरं पाहा. मग चारही कोपरे पाहा. मध्यभागी धारदार आणि कोपऱ्यात पुसट दिसत असेल तर दोष लेन्सचा आहे, तो सेटिंगने जाणार नाही.

तिरका ठेवून कीस्टोनवर सोडून देणं

चित्र मऊ वाटतंय? आधी कीस्टोन शून्यावर आणा. ही सोय चित्र सरळ करते ती यंत्रातल्या चित्र घडवणाऱ्या पॅनेलचा काही भाग न वापरता. चित्राभोवती भिंतीवर अंधूक राखाडी चौकट दिसते ना, तो तोच वाया गेलेला भाग. प्रोजेक्टर भिंतीच्या बरोबर समोर ठेवा, उंची स्टूल-स्टँडने साधा आणि कीस्टोन अगदी थोडा वापरा.

जागेचं गणित खरेदीआधीच करा. थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ असेल तर १०० इंची चित्रासाठी २२१ गुणिले १.२, म्हणजे सुमारे २६५ सेंटिमीटर अंतर लागतं. दहा फुटी खोलीत मागे जेमतेम सव्वा फूट उरतो. त्यात यंत्र, त्याच्या वायरी आणि हवा बाहेर पडायला मोकळी जागा, एवढं सगळं बसवायचं असतं.

अ‍ॅप दिसतं म्हणजे चालतं असं मानणं

माझ्या मावसभावाच्या प्रोजेक्टरवर नेटफ्लिक्सचं चिन्ह होतं, अ‍ॅप उघडतही होतं, पण चित्र धूसर. दोन दिवस त्याने वाय-फायला दोष दिला. खरं कारण परवान्याचं होतं. अशा अ‍ॅपना एचडी दाखवायला यंत्रात वाइडवाइन एल१ हा सुरक्षा स्तर लागतो. नुसता एल३ असेल तर चित्र साधारण ४८०पीवर अडकतं, आणि १०० इंचांवर ते सहन होत नाही. प्रमाणित यंत्रच घ्या, नाहीतर एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावा. फोनचा स्क्रीन मिरर करताना सिनेमाच्या जागी काळा चौकोन येत असेल तर यंत्र बिघडलेलं नाही, कॉपी होऊ नये म्हणून अ‍ॅपच तो अडवतं.

आवाज आणि पंखा

ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो, हा बहुतेक वेळा ब्लूटूथ स्पीकरचा उशीर असतो. वायरने जोडून पाहा, एचडीएमआय एआरसी (एचडीएमआय वायरीतूनच आवाज स्पीकरला नेणारी सोय) असेल तर उत्तमच. पंख्याचा आवाज मात्र दुकानाच्या गोंगाटात कळतच नाही. रात्री संथ संवादांचा प्रसंग लावून, नेहमीच्या जागी बसून अर्धा तास ऐका.

शेवटी एकदा पूर्ण काळं आणि एकदा पूर्ण पांढरं चित्र लावा. धुरकट ठिपका दिसला तर प्रोजेक्टर किंचित सरकवा. ठिपका जागेवर राहिला तर डाग भिंतीचा आहे. चित्राबरोबर सरकला तर धूळ लेन्सवर किंवा आत आहे. लेन्स मऊ कापडाने पुसूनही तो राहिला तर फोटो काढा आणि त्याच दिवशी रिटर्नची नोंद करा.