एसयूव्हीमागे पहिल्यांदाच कॅरॅव्हॅन जोडताय? गाडी उलाळ होऊ देऊ नका

आमच्या बेळगाव भागात मागे काहीतरी जोडून गाडी चालवण्याचं कुणाला नवल नाही. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की हुक्केरी-चिक्कोडीच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, आणि मागे दिवा असला तर असला. त्यामुळे दोन माणसं झोपतील एवढी छोटी कॅरॅव्हॅन मी पहिल्यांदा एसयूव्हीला जोडली तेव्हा वाटलं, यात काय एवढं? इंजिनात दम आहे, ओढेल. ओढलीही. अडचण ओढण्यात नव्हतीच.

बेळगावहून हिडकल धरणाकडे निघालो होतो. काकती मागे पडलं, वंटमुरी घाटाचा उतार लागला. वेग ७५ च्या आसपास. एक बस शेजारून सुसाट गेली आणि आरशात कॅरॅव्हॅनचं मागचं टोक डोलायला लागलं. आधी वीतभर, मग हातभर. मी घाबरून ब्रेक दाबला. त्याबरोबर मागचं धूड गाडीला ढकलायला लागलं आणि स्टेअरिंग हातात असूनही नसल्यासारखं झालं. नशीब, मागे मोठं वाहन नव्हतं.

घाट उतरल्यावर एका धाब्याशी थांबलो आणि बघू तरी म्हणून कॅरॅव्हॅन सोडवली. बाकावर चहा पीत बसलेले एक आजोबा उठून आले. त्यांनी भोवती एक फेरी मारली, पुढची दांडी एका हाताने सहज उचलून खाली ठेवली आणि म्हणाले, "गाडी उलाळ करूलास की रे पोरा!"

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ओझं मागे गेलं की धुरा वर उचलला जातो, बैलांच्या मानेवरचं जू सुटायला बघतं. ती गाडी उलाळ. ओझं थोडं पुढे, धुऱ्यावर हवं. कॅरॅव्हॅनचंही गणित हेच, फक्त बैलांच्या मानेच्या जागी गाडीचा हिच बॉल, म्हणजे मागे दांडी अडकवायचा लोखंडी गोळा आला.

पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक: मागे भरलेलं सामान

दांडीचं जे वजन हिचवर खाली दाबतं, ते ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावं असं अमेरिकेत सांगतात. युरोपातल्या हलक्या कॅरॅव्हॅनना ५ ते ७ टक्के पुरे धरतात. नेमका आकडा कुठलाही घ्या, तो कमी पडला की डोलणं आलंच.

माझ्या कॅरॅव्हॅनचं भरलेलं वजन ७४० किलो. धाब्यावर काही मोजता आलं नाही, पण घरी आल्यावर न्हाणीघरातला वजनकाटा सपाट जागी ठेवला, त्यावर लाकडी ठोकळा उभा केला आणि हिचच्या उंचीइतकी दांडी त्यावर टेकवली. आकडा आला २८ किलो. म्हणजे चार टक्केसुद्धा नाही! साठ लिटरची पाण्याची टाकी आक्साच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या मागे सव्वा मीटरभर होती आणि १८ किलोची स्टेपनी पार मागच्या भिंतीला टांगलेली. टाकी आक्साच्या जरा पुढे, पलंगाखाली घेतली आणि स्टेपनी पुढच्या दांडीजवळ. बाकी एक चमचा हलवला नाही. काट्यावर आले ८२ किलो, म्हणजे ११ टक्के. पुढच्या रविवारी त्याच रस्त्याने गेलो, बस तशाच शेजारून गेल्या, कॅरॅव्हॅन जागची हलली नाही.

सगळंच पुढे कोंबायचं नाही, हेही सांगतो. हिचवर किती भार चालतो याचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये आणि टो-बारवरच्या (ज्यावर हिच बॉल बसवतात त्या गाडीमागच्या दांड्यावरच्या) पट्टीवर असतो. दोन्हींपैकी जो लहान तो आपला. हा भार गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे पडतो, म्हणून जास्त झाला तर गाडीची शेपटी बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय हे किलो गाडीच्या स्वतःच्या भार वाहण्याच्या क्षमतेतूनच वजा होतात. पाच माणसं, डिकी भरून सामान आणि वर दांडीचा भार, अशी बेरीज करून बघा. मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचा आकडाच दिलेला नसेल तर कंपनीकडून लेखी विचारून घ्या. "आपल्या गावातला अमका ओढतो" हा आकडा नव्हे.

एकूण वजनासाठी बाजार समितीजवळचा नाहीतर कारखान्याकडचा वजनकाटा बरा. भरलेल्या टाकीसकट, गॅससकट, गादीसकट तोला. पाणी लिटरला किलो, हे आपण सोयीस्कर विसरतो.

डोललीच तर?

ब्रेकवर पाय नको. ॲक्सिलरेटर हळूच सोडा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरा, डोलण्याच्या उलट वळवत बसू नका. आपण वळवतो तोवर कॅरॅव्हॅन दुसऱ्या बाजूला गेलेली असते आणि झोका वाढतो. वेग वाढवून "सरळ ओढून काढतो" म्हणणारेही भेटतात, त्यांचं ऐकू नका. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आणि त्याचा हाताने चालवायचा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावा, मागून खेच बसली की रांग सरळ होते. मग थांबा आणि सामान बघा. दोनशे मीटर पुढे जाऊन परत ७५ वर नेण्यात अर्थ नाही.

घाट उतरताना पायावर भरवसा नको

ज्या गिअरवर हा घाट चढलो असतो, त्याच गिअरवर उतरायचा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर घ्या. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पुढच्या वळणावर पेडल नरम लागतं. ट्रेलरला ढकलल्यावर आपोआप लागणारे इनर्शिया ब्रेक असतील तर उतारावर तेही मागे तापतच असतात. घाटाच्या पाट्यांवर कन्नडमध्ये 'निधानवागि चलिसि' लिहिलेलं असतं. पाटीचं ऐकावं.

चोर्ला आणि आंबोली घाट मात्र पहिल्या खेपेला नकोतच. रस्ता कसाही असो, समोरून ट्रक आला आणि वळणावर मागे घ्यायची वेळ आली तर काय कराल?

रिव्हर्स

हे शिकलो ते एका ऊसट्रॅक्टरवाल्या मामांकडून. मामा दोन ट्रॉल्या कारखान्याच्या आवारात रिव्हर्स घेत होते आणि बिडी ओठातच होती. एका ट्रॉलीत घाम फुटणारा मी बघतच राहिलो. विचारल्यावर म्हणाले, "हात खाली धर. मागं जिकडं न्यायची, हात तिकडं ने. आन् थोडंथोडं."

म्हणजे स्टेअरिंगचा खालचा भाग धरायचा. कॅरॅव्हॅनचं टोक उजवीकडे हवं तर हात उजवीकडे. वरचा भाग धरला की डोकं उलटसुलट होतं. कोन जास्त झाला आणि गाडी-कॅरॅव्हॅन घडीच्या चाकूसारखी मिटायला लागली तर आणखी वळवू नका, सरळ पुढे घेऊन परत सुरू करा. बाहेर उतरून दोनदा बघण्यात लाज नाही. जत्रेनंतर रिकामं पडलेलं गावचं मैदान, चार जुने डबे आणि एक दुपार एवढ्यावर काम भागतं. बायकोला नाहीतर भावाला मागे उभं करणार असाल तर "आरशात तू दिसली नाहीस की मी थांबणार" हे आधी ठरवा. नाहीतर "ये ये ये, थांब!" मधला थांब ऐकू येईपर्यंत पत्रा चेपलेला असतो.

वळणाचीही एक गोष्ट. गाडीची चाकं जिथून जातात तिथून कॅरॅव्हॅनची जात नाहीत, ती आतला कोपरा कापतात. गल्लीच्या तोंडाशी थोडं पुढे जाऊन मग वळा. मी तसं वळलो नव्हतो आणि एका कट्ट्याचा कोपरा अजून माझ्या चाकाच्या पत्र्यावर आहे.

बारीक वाटणाऱ्या गोष्टी

५० मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा कपलर (दांडीच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) डोळ्यांना सारखेच दिसतात. ही जोडी लावू नका, ती खेळते. कपलर बसल्यावर पुढच्या जॉकी चाकाने (दांडीखालच्या, वर-खाली होणाऱ्या छोट्या चाकाने) दांडी वर उचलून बघा: गाडीची शेपटी सोबत उचलली गेली तर लागलंय, नुसती दांडीच वर आली तर नाही. मग जॉकी चाक पूर्ण वर. अर्धवट राहिलं तर गावाबाहेरच्या पहिल्याच हंपवर ते वाकतं. साखळ्या दांडीखालून एकमेकींवरून फुलीसारख्या लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडते. आणि ओढण्यासाठी बंपरखालची टो-आय, म्हणजे दोर अडकवायची कडी, वापरू नका. ती अडकलेली गाडी काढायला असते.

ब्रेक दाबला की इंडिकेटरच मिणमिणतात किंवा सगळे दिवे मंद दिसतात? बल्ब बदलत बसू नका, बहुतेक वेळा अर्थिंग सैल असतं. प्लगची पिन आणि चेसीला जोडलेली वायर पॉलिशपेपरने घासा. लाल चिखलात एक फेरी झाली की हे हमखास होतं.

नवीन चाकं लावली असतील तर साठ-सत्तर किलोमीटरवर नट पुन्हा आवळा. थांबलात की चाकाच्या मध्यभागी हाताची पाठ जवळ नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा खूपच तापली असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरलाय.

कागदांचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरही वाहनच आहे, त्याची नोंदणी वेगळी लागते. आपली सवय अशी की सकाळी केए २२ च्या, म्हणजे बेळगाव पासिंगच्या गाडीने महाराष्ट्रातल्या शिनोळीला जायचं, संध्याकाळी परत. सीमा आपल्याला दिसतच नाही, पण नाक्यावरच्या पोलिसाला मागची नंबरप्लेट दिसते.

पावसात कणकुंबी-जांबोटीकडे निघालात तर रस्त्याकडेच्या लाल मातीवर उतरू नका. वरून घट्ट दिसते, पण कॅरॅव्हॅनचं चाक आत गेलं की चारचाकी ड्राइव्ह असूनही गाडी तिथेच फिरत राहते.

मुक्कामाला पोहोचल्यावर आधी दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे, मग साखळी, मग कपलर. हिडकलच्या काठावर मी हा क्रम उलटा केला होता. जमीन सपाट वाटत होती. कॅरॅव्हॅन चार पावलं पाण्याकडे चालत गेली आणि सुदैवाने एका करवंदीच्या जाळीत थांबली.