बाळाचं पहिलं वर्ष: भरवताना आणि वाढ जोखताना या चुका टाळा

माझ्या मोठ्या मुलीला सहा महिने पूर्ण झाले त्याच सकाळी मी वाटी-चमचा घेऊन बसले. पहिला चमचा तोंडात गेला आणि जिभेने सरळ बाहेर ढकलला. दुसरा, तिसराही तसाच. पाचव्या चमच्याला ती रडायला लागली आणि मीही रडकुंडीला आले. हिला चवच आवडली नाही, असं ठरवून मी तो पदार्थ बंद करून टाकला. चूक चवीची नव्हतीच. ती माझ्या मांडीवर अर्धी आडवी होती, मान मागे कललेली. तसं पडून आपल्यालाही घास गिळता येणार नाही. आठवड्याभराने तिला ताठ बसवून तोच पदार्थ दिला, तेव्हा निम्मा चमचा पोटात गेला.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. बाळाचं खाणं आणि त्याची वाढ या दोन वेगळ्या याद्या नाहीत. मान धरली, पाठ सावरली की घास गिळता येतो. चिमूट जमली की दाणा उचलता येतो. भरवण्यातल्या निम्म्या अडचणी येतात, त्या आपण कॅलेंडरकडे बघतो आणि समोर बसलेल्या बाळाकडे बघत नाही म्हणून.

घाई आणि उशीर, दोन्ही नको

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. 180 दिवस पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करायचं आणि दूधही चालू ठेवायचं. फॉर्म्युलावरच्या बाळालाही साधारण याच सुमारास सुरुवात करतात. पण तारखेसोबत तयारी बघा. मान स्थिर आहे का, थोड्या आधाराने ताठ बसतंय का, वस्तू उचलून तोंडापर्यंत नेतंय का, चमचा जवळ आला की तोंड उघडतंय का. जीभ अजून सगळं बाहेर ढकलत असेल तर दोन-चार दिवस थांबून पुन्हा करून बघा.

चौथ्या महिन्यात बाळ मुठी चोखतं, रात्री पुन्हा उठायला लागतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "त्याला दूध पुरत नाही." मुठी चोखणं म्हणजे त्याला स्वतःचे हात सापडलेत, एवढंच. रात्रीची जाग ही वरच्या खाण्याची वेळ झाल्याची खूण नाही.

उशीर जास्त महागात पडतो, कारण तो दिसत नाही. बाळ जन्मताना शरीरात लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो साधारण सहा महिने पुरतो. वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मलेलं असेल तर त्याहून कमी. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. त्यामुळे सहाव्या महिन्यानंतर ते ताटातूनच यावं लागतं. डाळी, अंडं, मासे, मांस, लोह मिसळलेलं शिशुधान्य यांतलं काहीतरी पहिल्या आठवड्यांपासूनच हवं. डाळीसोबत आंबटगोड फळ दिलं तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. नुसत्या फळांच्या गरावर दोन महिने काढणं ही फार घरांत होणारी चूक आहे.

पाण्यासारखं पातळ

बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिलिलिटर मावतं. आठ किलोचं बाळ म्हणजे जेमतेम एक कप. तो कप पातळ पाण्याने भरला तर पोट गच्च होतं, पण अंगी काही लागत नाही. सहा ते आठ महिन्यांत वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे 200 कॅलरी हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत 300. घरगुती कसोटी एकच: चमचा थोडा तिरका केला तर घास त्यावर टिकायला हवा, ओघळायला नको. घट्ट वाटलं तर पाण्याऐवजी आईचं दूध घालून सैल करा आणि वर थोडं तेल किंवा लोणी घाला.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे पुरे. आठव्या महिन्यापर्यंत दोन ते तीन वेळा, नवव्यापासून तीन ते चार वेळा.

मिक्सरची सवय

हे माझं दुखरं ठिकाण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घशात अडकेल या धास्तीने मी मुलीला दहाव्या महिन्यापर्यंत सगळं गाळून, वाटून दिलं. त्यानंतर एवढासा कण जिभेला लागला तरी ती अख्खा घास थुंकायची. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत गुठळ्या तोंडाला लागल्या नाहीत, तर पुढे खाण्याच्या तक्रारी वाढताना दिसतात, हे मला नंतर समजलं. चावणं शिकावं लागतं आणि त्यासाठी दात यायची वाट बघायची गरज नसते. हिरड्यांनी मऊ अन्न छान चिरडता येतं.

सहा महिने पूर्ण झाले की गुळगुळीत, सातव्या-आठव्यात काट्याने कुस्करलेलं, नवव्यापासून मऊ शिजवलेले बारीक तुकडे, असं जाड होत जाऊ द्या. बोटांमध्ये धरून सहज चेपला गेला तर तो तुकडा योग्य. हाताकडे लक्ष द्या. सहा-सात महिन्यांचं बाळ अख्ख्या मुठीत धरतं, म्हणून त्याला मुठीबाहेर टोक येईल असा लांबट तुकडा हवा. नऊ-दहा महिन्यांचं बाळ अंगठा आणि तर्जनीची चिमूट करतं. मऊ शिजवून चेपलेला एक वाटाणा पुढ्यात ठेवला, तर ते आधी टक लावून बघतं, बोट लावून सरकवतं, दोनदा सोडतं आणि तिसऱ्यांदा तोंडापर्यंत नेतं. त्याला पूर्ण एक मिनिट लागेल. तो मिनिट त्याला द्या.

ओकारीची उबळ आणि घशात अडकणं यांतला फरक मला कुणी आधी सांगितला असता तर! उबळ येते तेव्हा बाळ लाल होतं, आवाज करतं, जीभ बाहेर काढतं आणि घास पुढे ढकलतं. हा त्याचा बचाव आहे, आपण शांत बसून बघायचं. खरोखर अडकतं तेव्हा आवाज येत नाही, खोकता किंवा रडता येत नाही, ओठ निळसर पडतात. तेव्हा बाळाला हातावर पालथं घेऊन डोकं खाली ठेवायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर 5 जोरदार थापा द्यायच्या. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी 5 दाब. घास निघेपर्यंत हे आळीपाळीने करत राहायचं आणि कुणालातरी मदतीसाठी लगेच फोन करायला सांगायचं. तोंडात न बघता बोट घालू नका, घास आणखी आत जातो. जवळपास प्रथमोपचाराचा वर्ग असेल तर बाळ खायला लागायच्या आधी करून घ्या.

अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे, लाह्या, कच्चं गाजर अजिबात नको. खाताना बाळ बसलेलं असावं आणि समोर मोठं माणूस असावं.

काय नको, आणि काय उगाच टाळलं जातं

मध वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायलासुद्धा नको. त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नका, फळांचा रस नको. गाईचं दूध वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून नको. त्यात लोह कमी असतं आणि काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्त जातं. स्वयंपाकात थोडं वापरलं तर चालतं.

याउलट अंडं आणि शेंगदाणा ॲलर्जीच्या भीतीने वर्षभर लांबवले जातात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात, जास्त धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिल्यावर पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळलं. अंडं पूर्ण शिजवलेलं, शेंगदाणा गुळगुळीत वाटून घासात मिसळलेला, एका वेळी एकच नवा पदार्थ आणि तोही दिवसा. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

"खातच नाही"

जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट. म्हणजे दुसऱ्या सहामाहीत वेग आपोआप मंदावतो, भूकही रोज सारखी राहत नाही. तोंड फिरवलं, ओठ मिटले, चमचा ढकलला की जेवण संपलं. नाक दाबून किंवा मोबाइल दाखवून भरवलेले चार घास पुढचे चाळीस घास घालवतात. नाकारलेला पदार्थ दहा-बारा वेळा, थोडा-थोडा, दिवस सोडून पुढे ठेवत राहा. वजनाचा आलेख त्याच्या रेषेवर चालला असेल तर काळजी नको. रेष खाली उतरायला लागली तर दाखवा.

शेजारच्या बाळाशी तुलना

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या बाळांचं निरीक्षण करून 2006 मध्ये जे टप्पे मांडले, ते बघितले की जीव भांड्यात पडतो. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने, एकट्याने चालणं 8.2 ते 17.6 महिने. सुमारे 4 टक्के बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना जितके आठवडे लवकर आलं तितके वजा करा, वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत.

लवकर चालावं म्हणून वॉकरमध्ये बसवू नका. त्याने चालणं लवकर येत नाही आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. त्यापेक्षा जागं असताना जमिनीवर पालथं ठेवा, थोडं-थोडं करत दिवसभरात 30 मिनिटं तरी. झोपवताना मात्र उताणंच.

तरी काही गोष्टींसाठी वाट बघू नये. तीन महिन्यांपर्यंत बघून हसत नाही. पाचव्या महिन्यातही मान धरत नाही. नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही किंवा बा-बा, दा-दा असे आवाज काढत नाही. वर्षाच्या आतच एकच हात वापरतं. वर्षाचं झालं तरी नावाला वळून बघत नाही, बोट दाखवत नाही, हात हलवत नाही. आणि आलेली गोष्ट कोणत्याही वयात गेली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात बाळ बुजतं आणि नेमकं तेच करत नाही, म्हणून घरी अर्ध्या मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओ काढून न्या: एक बसलेलं, एक खेळताना, एक खाताना.