पहिल्या आयटी नोकरीत या चुका टाळा, खासकरून मराठवाड्यातून पुण्याला आलेल्यांनी

लातूर, नांदेड, परभणी, बीडकडची पोरंपोरी इंजिनिअरिंग नाहीतर एमसीए करून पुण्याला येतात, हिंजवडीला किंवा खराडीला पहिली नोकरी लागते, आणि सुरुवातीला जे बिघडतं ते कोडिंग येत नाही म्हणून कमी, अडलंय हे कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून जास्त. रोज स्टँडअपला (टीमच्या सकाळच्या छोट्या मीटिंगला) एकच उत्तर, "चालू आहे सर, होईल आज." चार दिवस तेच. मग लीडला (टीमच्या प्रमुखाला) कळतं की गड्याचा डेटाबेसच कनेक्ट होत नव्हता. तो चिडतो ते तुम्हाला आलं नाही म्हणून नाही, चार दिवस गेले म्हणून.

यात आपल्याकडच्या शिक्षणाचा पण हात आहे. लातूर पॅटर्नमध्ये घासलेल्या पोराला प्रश्न पूर्ण छापून मिळतो आणि उत्तर ठरलेलं असतं, सारखं विचारणारा तिथं कच्चा समजला जातो. इथं तिकिटावर (काम नेमून दिलेल्या नोंदीवर) दोन ओळी असतात, त्याही अर्धवट, त्यामुळं विचारल्याशिवाय काम सुरूच होत नाही. वर इंग्रजीची धास्ती. अरे पण पुण्यात बऱ्याच टीममध्ये अर्धं बोलणं मराठी-हिंदीतच चालतं, मोडकं इंग्रजी खपून जातं, गप्प बसणं खपत नाही.

तर अडलं की अर्धा-पाऊण तास स्वतः झगडा आणि मग लिहा. नुसतं "हाय सर" टाकून रिप्लायची वाट बघत बसू नका, आणि मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढून तर अजिबात पाठवू नका, एरर टेक्स्टमध्ये चिकटवा म्हणजे समोरच्याला सर्च तरी करता येतं. साधारण असं (लोकल म्हणजे स्वतःच्या मशीनवर, ५०० म्हणजे सर्व्हरचा एरर, मेन ब्रँच पुल म्हणजे टीमचा ताजा कोड घेणं, लॉग म्हणजे प्रोग्रॅमनं लिहिलेली नोंद, मायग्रेशन म्हणजे डेटाबेसच्या रचनेतले बदल लावणं): "सर, लॉगिनचा एपीआय लोकलवर ५०० देतोय. काल संध्याकाळी चालत होता, मध्ये फक्त मेन ब्रँच पुल केली. डेटाबेस चालू आहे, पासवर्ड तपासला. पूर्ण लॉग खाली टाकलाय. मायग्रेशन रन करायचं राहिलं असेल का?" असं लिहायला बसलं की बऱ्याचदा पाठवायच्या आधीच उत्तर सापडतं.

लॉग मात्र आधी वाचा, लाल अक्षरं दिसली की पहिली ओळ कॉपी करून चॅटजीपीटीला दिली असं नको. पायथनमध्ये खरा एरर ट्रेसबॅकच्या (एरर कुठून कुठून आला त्या यादीच्या) सगळ्यात शेवटच्या ओळीत असतो, जावात लांबलचक ट्रेसमधला शेवटचा "कॉज्ड बाय" शोधा, आणि मग लायब्ररीच्या फायली सोडून तुमच्या स्वतःच्या फाईलचं नाव कुठं येतंय ते बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चाललं, तर कशानं चाललं हे तुम्हालाच माहीत नाही. आणि "मागच्या आठवड्यात चालत होतं" अशी केस असेल तर गिट बायसेक्ट (कोडचे बदल जपणाऱ्या गिटमधली कमांड) शिकून घ्या, ते चांगल्या आणि बिघडलेल्या कमिटच्या (साठवलेल्या एकेका बदलाच्या) मधोमध जाऊन तपासायला लावतं, हजार कमिट असले तरी साधारण दहा वेळा तपासून दोषी कमिट सापडतो.

"माझ्या मशीनवर तर चालतंय" हे पण रोजचंच. नेहमीची कारणं ठरलेली आहेत. विंडोजला फाईलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चालून जातं, लिनक्स सर्व्हरला चालत नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोडच्या बाहेर मशीनवर ठेवलेली सेटिंग) तुमच्याकडं आहे, तिकडं नाही. नोडचं (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) व्हर्जन वेगळं आहे. आणि सगळ्यात छळणारं म्हणजे वेळ: सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, आपण साडेपाच तास पुढं, त्यामुळं आपल्याकडं रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधल्या एंट्रीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. दिवसा टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

गिटमध्ये पासवर्ड किंवा एपीआयची गुप्त किल्ली (की) चुकून पुश झाली, म्हणजे सगळ्यांच्या कोडमध्ये गेली, तर पुढच्या कमिटमध्ये गुपचूप डिलीट करून उपयोग नाही, ती हिस्टरीत राहतेच. आधी लीडला सांगा, ती किल्ली लगेच रद्द करून नवीन घ्या, साफसफाई नंतर. स्वतःचे कमिट रीसेटमध्ये उडाले तर रडू नका, गिट रीफ्लॉग बघा, तिथं सापडतात. कमिटच केलं नव्हतं तर मात्र अवघड आहे.

एआयनं लिहिलेला कोड चालेल, पण रिव्ह्यूत (सीनियर कोड तपासतो तेव्हा) "ही ओळ का आहे" विचारल्यावर उत्तर यायला पाहिजे. क्लायंटचा कोड कुठल्या टूलमध्ये टाकायची परवानगी आहे तेही विचारून घ्या.

आता खरं दुखणं. काही क्लासवाले "तीन वर्षांचा एक्स्पिरियन्स लावून देतो" म्हणून पैसे घेतात आणि घरच्यांनी कर्ज काढून फी भरलेली असते म्हणून पोरं हो म्हणतात. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफच्या यूएएनवर (कायमच्या पीएफ नंबरवर) कुठं कधी काम केलं ते दिसतं, टॅक्सच्या फॉर्म २६एएससारख्या नोंदीत कुणी टीडीएस (पगारातून टॅक्स) कापला ते दिसतं. जॉइन झाल्यावर पकडलं तरी नोकरी जाते, आणि नाही पकडलं तर तीन वर्षांवाल्याचं काम अंगावर पडतं आणि अडलंय म्हणून सांगायची सोयच राहत नाही. त्यापेक्षा छोट्या कंपनीत कमी पगारावर लागा, संभाजीनगरला पण आहेत.

रेझ्युमेवर टू-डू ॲप लिहू नका राव, सगळ्यांचं तेच असतं. लातूरच्या मोंढ्यातले सोयाबीन-तुरीचे भाव ॲगमार्कनेटवर (सरकारी बाजारभावाच्या साइटवर) येतात, आवक, किमान, कमाल आणि मोडल प्राइस (सगळ्यात जास्त सौदे झाले तो भाव), ते रोज गोळा करून साठवणारं काहीतरी बनवा. एखाद्या दिवशी बाजार बंद असतो, एखाद्या दिवशी डेटाच येत नाही, ते तुम्ही कसं हाताळलं हे इंटरव्ह्यूत सांगायला भरपूर आहे.

ओरिजिनल मार्क मेमो आणि डिग्री कंपनीत जमा करू नका, दाखवा आणि परत घ्या. बॉण्ड (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) असेल तर सही करायच्या आधी किती महिने, किती रक्कम ते वाचा. आणि नाही जमलं तर दिवाळीला गावाकडं जाऊन फोन बंद करायचा हे तर करूच नका, रिलीव्हिंग लेटर (कंपनीनं रीतसर सोडल्याचं पत्र) अडकतं आणि पुढच्या कंपनीत तेच आधी मागतात. राजीनाम्याचा मेल टाका, नोटीस पिरियड कमी होतो का विचारा. पुढच्या नोकरीत जुनाच यूएएन द्या, दुसरा काढू नका. सोडल्यावर पीएफ पोर्टलवर एक्झिट डेट पडली का बघा, कंपनीनं टाकली नसेल तर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः टाकता येते.