पंपाआधी भिंग

सोसायटीच्या बागेत चवळीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडला की फवारणीचा पंप काढण्याआधी मुलांच्या हातात भिंग द्या. पानांची खालची बाजू बघू दे: मावा किती, मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आहेत का, मुंग्यांची रांग कुठून येते. मुंग्या माव्याचा गोड चिकट द्रव खातात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. ढालकिड्याची काळी-नारिंगी अळी मात्र नीट ओळखायला शिकवा. मोठी माणसंही तिलाच कीड समजून चिरडतात!

सापळा मुलांनीच बनवावा. पिवळ्या आणि निळ्या पुठ्ठ्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून एरंडेल फासायचं, शेंड्याच्या उंचीवर टांगायचं, आठवड्याने मोजायचं. पिवळ्यावर पंखवाला मावा, पांढरी माशी. निळ्यावर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स). ढालकिडेच जास्त चिकटले, तर सापळ्याची जागा किंवा उंची बदलून पुन्हा मोजा.